एल ३९०८ : मनगटाच्या पट्ट्याची एक ओळ

मनगट व हातासाठी आधार, मनगट मागे झुकतं धरणारा, कॉक-अप, साच्यावर न घडवलेला, आधीच बनवून ठेवलेला, दुकानात तयार मिळणारा.

एवढीच ओळ. तिच्यात क्रियापद नाही, कर्ता नाही, आणि शीर्षकाच्या जागी क्रमांक आहे: एल ३९०८. अमेरिकेतली वैद्यकीय बिलं ज्या संकेतसूचीवर चालतात त्या एचसीपीसीएसच्या दुसऱ्या स्तरात, शरीराला बाहेरून आधार देणारी साधनं आणि कृत्रिम अवयव यांच्या विभागात ती येते. कवितेचं करावं तसं तिचं रसग्रहण करावं असं मला फार दिवस वाटत आलं आहे. बिलाच्या भाषेकडे आपण वैतागूनच बघतो. पण ज्या भाषेत रोज लाखो माणसांच्या दुखण्याची नोंद होते आणि त्या नोंदीवर पैसे मिळतात किंवा नाकारले जातात, ती भाषा कशी रचली आहे हे सावकाश वाचून पाहायला हवं.

ही ओळ पुण्यात रोज वाचली जाते. खराडी, हिंजवडी, मगरपट्टा या भागांत परदेशी दवाखान्यांची बिलं आणि संकेत सांभाळणारी कार्यालयं आहेत. फार्मसी, फिजिओथेरपी, होमिओपॅथी, मायक्रोबायोलॉजी शिकलेली मुलंमुली तिथे बसून डॉक्टरांच्या टिपणांतून संकेत काढतात. टिपण परक्या गावचं, रुग्ण कधीही न दिसणारा, आणि हाताशी फक्त मजकूर. मजकुराबाहेर काही गृहीत धरायचं नाही, लिहिलेलं नसेल तर ते घडलेलं नाही, ही या कामाची पहिली शिस्त. म्हणजे ही सगळी मंडळी दिवसरात्र काटेकोर वाचनच करत असतात.

आता ओळीचा क्रम पाहा. ती अंगापासून सुरू होते आणि दुकानात संपते. आधी शरीराचा भाग, मग त्या भागाची स्थिती, मग वस्तू कशी बनली, शेवटी ती कशी मिळते. ‘मनगट व हात’ हे पहिले दोन शब्द साधे वाटतात, पण तिथेच मोठी विभागणी झालेली आहे. आधाराचं नाव तो कोणकोणत्या सांध्यांवरून जातो त्यावरून ठरतं. अंगठा किंवा बोटंही त्यात धरली गेली तर तो ‘मनगट-हात-बोट’ आधार होतो आणि वेगळ्या घराण्यात जातो. फ्रिट्झ द कर्व्हां या स्विस शल्यविशारदाने १८९५ मध्ये वर्णन केलेलं, अंगठ्याच्या मुळाशी मनगटाच्या कडेला होणारं दुखणं घ्या. कपडे पिळताना, बाळाला उचलताना तिथे कळ येते. त्या दुखण्यात अंगठा मोकळा सोडणारा पट्टा फारसा उपयोगाचा नाही, कारण दुखणाऱ्या दोऱ्या, म्हणजे कंडरा, अंगठ्याच्याच आहेत. म्हणून एल ३९०८ या ओळीत बोटांचा उल्लेख नसणं हीसुद्धा माहिती आहे. कवितेत जसं न आलेल्या गोष्टीकडे कान द्यावा लागतो, तसाच इथेही द्यावा लागतो.

पुढचा तुकडा मला सर्वांत आवडतो: मनगट मागे झुकतं धरणारा, कॉक-अप. या मोजक्या शब्दांत हाताची एक मुद्रा आहे. मनगट पूर्ण खाली वाकवून मूठ आवळून पाहा, पकड सैल पडते. तेच मनगट थोडं मागे नेलं की बोटांत जोर येतो. बाजारात तयार मिळणारे बरेच कॉक-अप पट्टे मनगट साधारण २० ते ३० अंश मागे धरतात ते यामुळे. आत, तळहाताच्या बाजूला, ॲल्युमिनियमची एक पट्टी असते. कापडाच्या खोबणीत सरकवलेली, काढता-घालता येणारी. बाकी सगळं कापड, फोम आणि वेल्क्रो. पट्टा म्हणून जे काम होतं ते त्या पट्टीच्या वाकाचं.

आणि इथेच ओळीच्या पोटात एक सुंदर ताण आहे. हाच पट्टा दोन अगदी वेगळ्या दुखण्यांत दिला जातो. दंडातली रेडियल नस दुखावली की मनगट लोळागोळा होऊन खाली पडतं. त्याला मागे झुकता आधार हवाच, नाहीतर हात कामाचा राहत नाही. उलट कार्पल टनेल सिंड्रोममध्ये, म्हणजे मनगटातल्या अरुंद बोगद्यात मीडियन नस दाबली जाऊन बोटांना रात्री मुंग्या येतात तेव्हा, मनगट सरळ रेषेत ठेवणं बरं. त्या बोगद्यातला दाब मनगट सरळ असताना सर्वांत कमी असतो. ते पुढे वाकवलं तरी वाढतो, मागे झुकवलं तरी वाढतो. म्हणजे एका रुग्णासाठी पट्टीचा वाक राखायचा आणि दुसऱ्यासाठी तीच पट्टी उपसून सपाट करायची.

एल ३९०८ या ओळीत अंश लिहिलेले नाहीत. ते दुसऱ्या ओळीतून कळतात. बिलावर साधनाच्या संकेताशेजारी निदानाचा संकेत असतो. तिथे जी ५६.०१ असेल तर उजव्या हाताचा कार्पल टनेल, जी ५६.३१ असेल तर उजव्या बाजूची रेडियल नस. साधनाची ओळ तीच, पण शेजारीण बदलली की पट्टीचा वाक बदलतो. आपल्या काव्यशास्त्रात ज्याला ध्वनी म्हणतात, शब्दांनी थेट न सांगता संदर्भातून उमटणारा अर्थ, तो मला या दोन संकेतांच्या जोडीत ऐकू येतो. हे मी गंमत म्हणून म्हणत नाही. ज्याला शरीर कळतं त्याला ही जोडी वाचताक्षणी हात दिसतो.

निदानाच्या संकेतात बाजूचं भान कसं आलं तेही पाहण्याजोगं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या आवृत्तीत कार्पल टनेल म्हणजे जी ५६.०, बस. डावा-उजवा नाही. अमेरिकेने १ ऑक्टोबर २०१५ पासून आपली विस्तारित आवृत्ती वापरात आणली आणि उजव्याला एक, डाव्याला दोन असे आकडे जोडले. दोन्ही हातांना होणाऱ्या दुखण्यासाठी वेगळा आकडा आला तो त्यानंतर वर्षभराने. आणि हे दुखणं दोन्ही हातांना होणं काही दुर्मीळ नाही! पहिल्या वर्षी कोडरांना एकाच माणसासाठी उजव्याची एक आणि डाव्याची एक अशा दोन ओळी लिहाव्या लागल्या. साधनाच्या संकेतालाही बाजूची शेपटी लावतात, उजव्याला आरटी, डाव्याला एलटी. पट्टा उजव्याचा आणि निदान डाव्याचं असं झालं की क्लेम परत येतो. खराडीत बसलेली मुलगी ही चूक पकडते तेव्हा तिने कधीही न पाहिलेल्या माणसाचे दोन हात एकमेकांपासून वेगळे ओळखलेले असतात.

या शब्दकळेतली सगळ्यात देखणी रचना मात्र अस्थिभंगाची आहे. एस ५२.५३१डी. एस म्हणजे इजा. ५२ म्हणजे कोपर ते मनगट या भागातलं हाड मोडणं. ५ म्हणजे रेडियस हाडाचं मनगटाकडचं टोक. ३ म्हणजे कोलिसचा अस्थिभंग. अब्राहम कोलिस या डब्लिनच्या शल्यविशारदाने क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, १८१४ मध्ये, हाताला दिसणाऱ्या आकारावरून तो वर्णन केला होता. १ म्हणजे उजवा. आणि शेवटचं डी म्हणजे पहिली धावपळ संपली आहे, हाड बंद आहे, नीट भरतं आहे, आता पुढची भेट आहे. सात खुणांमध्ये पावसाळ्यात घसरून हात टेकवलेला माणूस, प्लॅस्टर, आणि प्लॅस्टर निघाल्यावर पट्ट्याची आलेली पाळी, एवढं सगळं आहे. शेवटचं अक्षर बदललं की कथा बदलते. जी असेल तर हाड भरायला वेळ लागतो आहे. के असेल तर जुळलंच नाही. पी असेल तर जुळलं पण वाकडं जुळलं. एका अक्षरात एवढी हकिगत मावते, आणि ती ओढूनताणून नाही, तर दवाखान्यात खरोखर होतात त्याच शक्यतांची. क्षेमेंद्राने औचित्य हा काव्याचा प्राण मानला. ते औचित्य मला इथे पुरेपूर दिसतं.

आता एल ३९०८ च्या शेपटाकडे येऊ. ‘साच्यावर न घडवलेला, आधीच बनवून ठेवलेला, दुकानात तयार मिळणारा.’ एकाच वस्तूसाठी बनावटीची तीन विशेषणं कशाला, असं प्रथमदर्शनी वाटतं. त्याचं उत्तर २०१४ च्या बदलात आहे. त्या वर्षापासून तयार आधारांचे बरेच संकेत दोन-दोन ओळींत विभागले गेले. एक ओळ दुकानातून जसाच्या तसा उचललेल्या आधाराची. दुसरी ओळ अशा आधाराची, जो बनलेला आधीच असतो, पण ठरावीक रुग्णाला बसावा म्हणून कातरलेला, वाकवलेला, आकार दिलेला, जुळवलेला किंवा अन्य रीतीने बेतलेला असतो, आणि ते करणारी व्यक्ती त्या कामातली जाणकार असते.

ही दुसरी ओळ मला या सबंध सूचीतली सर्वोत्तम वाटते. एरवी संकेतसूची वस्तूंची असते. इथे ओळीत अचानक माणूस शिरला आहे. तोही रुग्ण नव्हे, कारागीर. कातरलेला, वाकवलेला, आकार दिलेला, जुळवलेला, ही चारही कामं हातांनी करायची आहेत. त्यांचा क्रमही उगाच लावलेला नाही. कात्री आधी, पक्कड मग, उष्णता मग, शेवटी बांधणी. वस्तू तीच, खोकं तेच, कारखान्यातली किंमत तीच. फरक एका घटनेचा, की कुणीतरी तुमचं मनगट हातात घेऊन, वळण पाहून, टोचणारी कड कापून, पट्टी वाकवून दिली. त्या कामाला या ओळीने स्वतंत्र क्रमांक दिला. अंगठ्यासह असलेल्या सांधेविरहित तयार आधाराला त्यामुळे दोन संकेत आहेत. बेतून दिला तर एल ३८०७, नुसता दिला तर एल ३८०९.

आणि नियम करणाऱ्यांनी उलट बाजूही बांधून घेतली आहे. दुकानात तयार मिळणारा आधार म्हणजे ज्याला वापरणाऱ्याने स्वतः किरकोळ जुळवाजुळव केली की पुरतं, तो. वेल्क्रो ओढणं, पट्टा सैल करणं हे रुग्ण, घरचं माणूस किंवा दुकानदार करू शकतो. त्याला जाणकारी लागत नाही, म्हणून त्याला बेतणं म्हणायचं नाही. कौशल्याची किंमत द्यायची तर कौशल्य कुठे सुरू होतं तेही सांगावं लागतं, आणि ही व्याख्या ते स्वच्छ सांगते.

एवढं असून माझी एक तक्रार आहे, आणि ती मला ठामपणे मांडायची आहे. एल ३९०८ ला, या सगळ्यांत साध्या आणि सर्रास दिल्या जाणाऱ्या कॉक-अपला, बेतून दिलेल्याची जोडओळ नाही. तो दुकानी म्हणूनच सूचीत आहे. कार्पल टनेलच्या रुग्णासाठी एखाद्या थेरपिस्टने त्यातली पट्टी काढून, टेबलाच्या कडेवर दाबून सपाट केली, परत घालून मनगटावर तपासली, तरी ओळ तीच राहते. अंशांचा जो फरक उपचाराचा गाभा आहे, तो करणारा हात इथे मोजला जात नाही. ज्या सूचीने कारागिराला ओळखलं, तिनेच सर्वांत सामान्य कारागिरी ओळीबाहेर ठेवली.

पुण्याला ही जाणकारी परकी नाही. लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांसाठी १९४४ मध्ये इथे सुरू झालं. डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ मध्ये सुरू केलेली, शिवाजीनगरला असलेली संस्था हाडांच्या उपचाराबरोबर पुनर्वसनाचं नाव आपल्या पाटीवरच वागवते. प्रोस्थेटिस्ट आणि ऑर्थोटिस्ट हा भारतात नोंदणीकृत पेशा आहे, भारतीय पुनर्वास परिषदेच्या १९९२ च्या कायद्याखाली. फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी २०२१ चा वेगळा कायदा आहे. म्हणजे जाणकार व्यक्ती कायद्याने ओळखलेली आहे. तिच्या हातच्या कामाला बिलात ओळ आहे का, हे पाहायला आपल्याकडचे कागद उघडावे लागतात.

त्याआधी एक गोष्ट नोंदवायला हवी. मजकूर कितीही रेखीव असला तरी तो एकटा सत्याची हमी देत नाही. ९ एप्रिल २०१९ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने ‘ऑपरेशन ब्रेस युअरसेल्फ’ जाहीर केलं आणि २४ जणांवर आरोप ठेवले. पाठ, खांदा, मनगट, गुडघा यांचे गरज नसलेले पट्टे वृद्धांच्या नावावर खपवले, त्यासाठी डॉक्टरांना लाच दिली, रुग्णाशी फोनवर जेमतेम बोलून किंवा न बोलताच चिठ्ठ्या लिहून घेतल्या, आणि १.२ अब्ज डॉलरहून अधिक नुकसान केलं, असा सरकारचा आरोप होता. अशा व्यवहारात संकेत बरोबर असू शकतो, बाजू जुळू शकते, निदानही जुळू शकतं. ज्याच्यासाठी ती ओळ लिहिली ते मनगट मात्र कुणी हातात घेतलेलं नसतं.

आता आपला कागद. सदाशिव पेठेत किंवा एखाद्या मोठ्या रुग्णालयासमोरच्या सर्जिकल दुकानात मनगटाचा पट्टा घेतला की बिलावर बहुधा एवढंच येतं: रिस्ट स्प्लिंट, मध्यम, एक नग, आणि शेजारी ९०२१. हा आकडा वैद्यकीय नाही, कराचा आहे. ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेने १९८८ पासून चालवलेल्या वस्तूंच्या जागतिक वर्गीकरणातलं नव्वदावं प्रकरण आणि त्यातलं एकविसावं शीर्षक. जीएसटी आल्यावर तो आपल्या किरकोळ बिलांवर उतरला. या शीर्षकाखालच्या अस्थिरोग साधनांवरचा कर १८ जुलै २०२२ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला.

कराच्या मजकुरात रस कुठला, असं वाटेल. पण नव्वदाव्या प्रकरणाच्या टिपा वाचाव्यात. एक टीप सांगते की शरीराची विकृती रोखणारी वा सुधारणारी, किंवा आजार, शस्त्रक्रिया वा इजा झाल्यानंतर शरीराच्या भागाला आधार देणारी किंवा तो धरून ठेवणारी साधनं म्हणजे अस्थिरोग साधनं. त्याच प्रकरणाची पहिली टीप म्हणते की ज्या कापडी आधारांचा परिणाम केवळ त्यांच्या लवचीकपणातून येतो ते या प्रकरणात धरायचे नाहीत. ते कापडाच्या विभागात जातील, आणि उदाहरणांत सांध्यांचे आणि स्नायूंचे आधार नाव घेऊन दिले आहेत.

या टिपेतला ‘केवळ’ फार मोलाचा आहे. मनगटावर चढवायचा नुसता ताणणारा कापडी पट्टा, क्रिकेट खेळताना घालतात तसा, कापड आहे. त्यात ती ॲल्युमिनियमची पट्टी घातली की आधार लवचीकपणापलीकडून येतो आणि वस्तू नव्वदाव्या प्रकरणात येते. कुठे कुणाची जाणकारी विचारलेली नाही, रुग्णाचा प्रश्न नाही, पण काम कशामुळे होतं हा प्रश्न या टिपेने विचारला आहे. आधार बोटभर रुंदीच्या त्या पट्टीतून येतो हे ब्रुसेल्सच्या कर-लेखकाने ओळखलं. दुकानदाराच्या बिलावरचे चार आकडे मला त्यामुळे रुक्ष वाटत नाहीत. मात्र ते वस्तू ओळखतात, माणूस नाही. डावा-उजवा नाही, दुखणं नाही, बेतणं नाही. कराच्या कागदाकडून ती अपेक्षाही नाही.

अपेक्षा असते ती विम्याच्या कागदाकडून. इथे मला पुण्याच्या भांडारकर संस्थेची आठवण होते. १९१९ पासून १९६६ पर्यंत तिथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम चाललं. हस्तलिखितं शेजारी शेजारी मांडून कुठे काय गळलं, कुठे काय घुसलं ते विद्वान टिपत राहिले. या शहराला पाठभेद वाचायची सवय आहे. त्याच सवयीने विमा नियामकाच्या न-देय बाबींच्या याद्या वाचून पाहाव्यात.

एक पाठ फेब्रुवारी २०१३ चा. आरोग्य विम्याच्या प्रमाणीकरणाच्या मार्गदर्शक सूचनांसोबत आलेला, सुमारे दोनशे बाबींचा. दुसरा पाठ जुलै २०२० च्या एकत्रित परिपत्रकातला, चार याद्यांचा. त्यातली पहिली यादी ६८ बाबींची, ज्यांचे पैसे मिळायचे नाहीत. तिच्या आवृत्त्या पॉलिसीच्या शेवटच्या पानांवर आजही छापलेल्या दिसतात. या यादीत क्रमांक चारवर आहेत पट्टे आणि ब्रेस. त्यांच्या आधी, तीनवर, सौंदर्यसेवा. त्यांच्या नंतर, पाचवर, कान कोरायचे बड्स. स्प्लिंट आहे तो ४३ वर, मानेचा पट्टा आणि मधुमेही पादत्राणं यांच्या मध्ये. झोळी तर दोनदा आहे, १९ वर ‘स्लिंग्ज’ म्हणून आणि ४० वर ‘आर्मस्लिंग’ म्हणून.

हा शेजार कुठून आला ते २०१३ चा पाठ सांगतो. तिथे बाबी गटांत होत्या. पहिला गट प्रसाधनं, सौंदर्य आणि वैयक्तिक सोयीच्या वस्तूंचा. पट्टे आणि ब्रेस याच गटात होते, केस काढायच्या क्रीमपासून सुरू होणाऱ्या रांगेत, इंग्रजी वर्णक्रमाच्या नादाने सौंदर्यसेवेच्या शेजारी येऊन बसलेले. स्प्लिंट मात्र बाहेरून वापरायच्या टिकाऊ साधनांच्या गटात. म्हणजे रुग्णाच्या मनगटावरची एकच वस्तू दुकानदाराने ‘ब्रेस’ लिहिली तर प्रसाधन आणि ‘स्प्लिंट’ लिहिली तर साधन. नंतरच्या पाठात गटांची शीर्षकं गळाली आणि सगळे एका रांगेत आले. एका आधाराची दोन घरं आणि झोळीचे दोन क्रमांक ही त्या गळतीची खूण.

शीर्षकांपेक्षा मोठी हानी झाली ती शेरे गळण्याची. २०१३ च्या पाठात बाबीसमोर शेरा होता. पट्टे-ब्रेससमोर लिहिलं होतं की छातीमागच्या किंवा कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्यांना ते आवश्यक असतात, त्यांना पैसे देता येतील. पोटाच्या पट्ट्यासमोर मोठ्या पोटाच्या शस्त्रक्रियांची नावं होती. झोळीसमोर होतं की दंडाचं हाड मोडलं असल्यास एका झोळीचा वाजवी खर्च विचारात घ्यावा. स्प्लिंटसमोर मात्र तेव्हाही सरळ ‘देय नाही’ होतं. जुना पाठ मनगटावर मेहेरबान नव्हता. पण त्याला कारण देता येत होतं, अपवाद करता येत होता. वस्तू तीच असली तरी शरीरावर काय घडलं आहे त्यावर उत्तर बदलतं हे त्याला ठाऊक होतं. नवा पाठ वाचायला सोपा आहे, वादाला जागा ठेवत नाही, आणि नेमकी तीच त्याची उणीव मला जाणवते. शेऱ्यांतून कधी कधी भांडणं उभी राहत असतील. तरी यादीने रुग्णाकडे पाहिलं होतं ते शेऱ्यांतच.

यात भर अशी की आपल्या बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याभोवती फिरतात. कार्पल टनेलचा पट्टा डॉक्टर ओपीडीत लिहून देतात. प्लॅस्टर काढल्यावरचा पट्टाही ओपीडीतच. तो एकदा दारातच अडतो आणि दाराच्या आत गेला तरी ४३ क्रमांकावर पुन्हा अडतो. विमा लोकपालाचं पुणे कार्यालय नारायण पेठेत, न. चिं. केळकर रस्त्यावर आहे. पण काही शे रुपयांच्या पट्ट्यासाठी ते जिने कोण चढणार? रक्कम लहान म्हणून ओळही दुर्लक्षित, असं हे चक्र आहे.

आणि तरीही आपल्याकडे पूर्ण मजकूर लिहिला जातो, फक्त तो बिलात नसतो. तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर असतो: उजवं मनगट, कॉक-अप, सरळ रेषेत, रात्री, सहा आठवडे. या पाच तुकड्यांत बाजू आहे, साधन आहे, वाक आहे, वेळ आहे आणि मुदत आहे. एल ३९०८ मध्ये नसलेले अंश इथे आहेत. चिठ्ठी दुकानात दाखवून परत घडी घालून ठेवली जाते. बिलावर उतरतो तो फक्त नग आणि माप.

म्हणून मला वाटतं की जुन्या पाठातल्या झोळीच्या शेऱ्याच्या धर्तीवर मनगटासाठी एक ओळ लिहिली जावी. १९८० मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय विमा अकादमी आज बालेवाडीला विम्याचं शिक्षण देते आहे. कृत्रिम अवयव केंद्र याच शहरात आहे, आणि काटेकोर ओळी वाचण्याची शिस्त लागलेली शेकडो मुलंमुली खराडीत आणि हिंजवडीत आहेत. ओळ साधारण अशी असेल: ‘मनगटाचा अस्थिभंग, शस्त्रक्रिया किंवा नस दाबली गेल्याचं निदान असेल, डॉक्टरांच्या चिठ्ठीत बाजू आणि मनगटाची स्थिती लिहिलेली असेल, तर एका हाताला एक स्प्लिंट, वाजवी खर्च, नोंदणीकृत जाणकाराने तपासून बेतून दिल्यास त्या कामाचे वेगळे पैसे.’ बाजू आणि स्थिती चिठ्ठीत मागितली ती मनगट तपासल्याशिवाय ती लिहिता येणार नाही म्हणून. एका हाताला एक असं लिहिलं ते २०१९ चे आरोप वाचल्यावर. आणि बेतण्याचे वेगळे पैसे कुठल्याही खास प्रकारापुरते राखले नाहीत, कारण पट्टी सपाट करण्याचं काम साध्या कॉक-अपलाही लागतं.